गावातलं लिखाण कोण शोधणार?

विदर्भातल्या खेड्यांबद्दल मराठीत जे छापून येतं, त्यातलं बहुतेक दोन गोष्टींपाशी येऊन थांबतं. एक, शेतकऱ्याची आत्महत्या. दुसरी, वऱ्हाडी बोलीतला विनोद. पहिली सांगायला बाहेरून माणसं येतात, दुसरीसाठी आपल्या माणसाला व्यासपीठावर बोलावलं जातं. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींची गरजही आहे. पण या दोहोंच्या मधे जगण्याचा फार मोठा पट्टा आहे. त्यात माणूस डवरणी करतो, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाडीवर रात्र काढतो, पोरीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो, पांदण रस्त्याच्या चिखलातून बैल हाकतो आणि संध्याकाळी पारावर बसून या सगळ्याचा विचारही करतो. त्याबद्दल लिहिणारी माणसं खेड्यात आहेत. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण ‘आमच्याकडे कोण लिहितं हो आता’ हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी फार ऐकलं आहे. लिहिणारे आहेत. ते लिखाण शोधून, वाचून, नावानिशी पुढे देणारे मात्र थोडे आहेत. ते काम आपण वाचकांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी अंगावर घ्यायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

कसल्या लिखाणाबद्दल बोलतो आहे, ते आधी सांगतो. एसटीचा एक वाहक आहे. मुक्कामी गाडी घेऊन तो रात्री शेवटच्या गावात पोचतो, तिथेच झोपतो आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतो. त्या पहाटेच्या गाडीला कोण असतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी, सासरी परत जाणारी आणि मागे वळून न बघणारी मुलगी, दिवाळी झाली की पिशव्या घेऊन पुण्याकडे निघणारी पोरं. तो हे फुकटात मिळणाऱ्या ब्लॉगवर लिहितो, महिन्या-दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी. मी त्याचा जुना वाचक आहे. खेड्यातून माणसं कशी बाहेर पडतात, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा त्याच्या लिखाणातून जास्त कळलं.

दुसरं उदाहरण कृषी खात्यात काम करणाऱ्या एकाचं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. हे दोन्ही विषय वर्तमानपत्रांत आले, विधानसभेत गाजले. पण कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने ओढून, अडकवलेले पतंग मोजत वावरावावरातून हिंडणाऱ्या माणसाला लोक काय म्हणत होते, ते त्याने स्वतः लिहिलं म्हणून कळलं. ‘फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून टाका, नाहीतर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं,’ असं तो सांगायचा. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या पऱ्हाटीवर घेतलेला कापूस. समोरून उत्तर यायचं की फरदडीच्या कापसावरच पोराची फी ठरलेली आहे. शास्त्र त्याच्या बाजूने होतं, तरी तो त्या माणसासमोर गप्प झाला. ते गप्प होणं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. असं पान खात्याच्या परिपत्रकात येऊ शकत नाही आणि बातमीतही बसत नाही.

पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात गेलं की लिखाणाचा सूर बदलतो. तिथे रोवणीच्या बाया आहेत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं आहेत, मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत, हिवाळ्यात रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटकं आहेत. पावसाळ्यात चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या बाईने रात्री मोबाइलवर चार परिच्छेद लिहावेत, याचं मला आश्चर्य वाटत नाही. तिचं लिखाण तिच्याच तालुक्यात कुणाला माहीत नसतं, याची मात्र मला चीड येते.

हे लिखाण वर्तमानपत्राला नको असतं, कारण त्यात बातमी नसते. मासिकाला नको असतं, कारण ते कथाही नसतं आणि लेखही नसतो. त्याला जागा मिळते ती स्वतःच्या ब्लॉगवर. तिथे शब्दमर्यादा नाही, मुदत नाही, कुणाला खूश करायचं नाही. म्हणून ते मोकळं असतं. आणि म्हणूनच ते कुणाच्या नजरेस पडत नाही.

असं का झालं, याचं एक सरळ कारण आहे. ब्लॉगर ही फुकट ब्लॉग काढण्याची सोय १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच उघडण्याची पद्धत, रुळल्यावर देवनागरीत लिहिणं सोपं झालं. त्याआधी एका फॉन्टमध्ये टंकलेलं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन आणि ठिपके होऊन उघडायचं. मग मराठी ब्लॉगांना बहर आला. पण तेव्हा घरी संगणक कुणाकडे होता? पुणे, मुंबई, नागपूर आणि परदेशातल्या मराठी माणसांकडे. त्यांनी आपसात वाटा तयार केल्या. प्रत्येकाच्या ब्लॉगच्या कडेला ‘मी हे वाचतो’ अशी दुसऱ्या ब्लॉगांची यादी असायची. मराठी ब्लॉगांच्या नोंदी ठेवणारी संकेतस्थळं होती. गूगल रीडरसारख्या सोयीत एकदा पत्ता टाकला की त्या माणसाचं नवं लिखाण आपोआप समोर यायचं. एकाचं वाचता वाचता माणूस दुसऱ्यापर्यंत पोचायचा. हे पोचवण्याचं काम यंत्रापेक्षा माणसाच्या शिफारशीवर चालत होतं.

गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं. कडेच्या याद्या तर त्याआधीपासूनच शिळ्या होत चालल्या होत्या, कारण सगळे फेसबुककडे वळले. आणि आमच्या खेड्यांत स्वस्त इंटरनेट आलं ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या कार्डाबरोबर, थेट मोबाइलवर. म्हणजे खेड्यातला माणूस लिहायला आला तेव्हा लिहायला जागा भरपूर होती, पण एका वाचकाने दुसऱ्याला बोट धरून न्यायच्या वाटा मोडून पडल्या होत्या. त्या वाटा त्याने कधी पाहिल्याच नाहीत. त्याला वाटतं आपलं लिखाणच कमी पडतं. चार-सहा महिने तो लिहितो, कुणी आलं-गेलं कळत नाही, मग थांबतो. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. ते दिसत नाही म्हणून कमी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, फेसबुक आहे ना, व्हॉट्सअॅप आहे ना, चांगलं असेल तर आपोआप पोचेल. हे मला मान्य नाही. माणूस कुठे थांबतो, कशावर भांडतो, कशावर बोट दाबतो, हे मोजून तसंच आणखी समोर आणणं हा फेसबुकचा धंदा आहे. वाचक दुवा उघडून दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर निघून जावा, यात त्याचा फायदा नाही. दीड हजार शब्दांत शांतपणे सांगितलेली तूर सोंगणी तिथे सकाळी येते आणि दुपारपर्यंत खाली जाते. दोन वर्षांनी ती शोधायची म्हटलं तर सापडत नाही.

व्हॉट्सअॅपवरचं दुखणं वेगळं आहे. तिथे लिखाण पोचतं, भरपूर पोचतं, पण नाव गळून. अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूणही येऊ लागली. संदेश दुसरीकडून आला आहे, एवढंच ती खूण सांगते. कुणाकडून, ते सांगत नाही. मामा तलावावरचा एक सुंदर मजकूर आमच्या गटात आला होता. तलावाची पाळ कुठे फुटते, तिच्यावर कोणती झाडं लावायची, पाणी कुणाच्या बांधीत म्हणजे धानाच्या शेतात आधी जायचं हे ठरवताना गावकी कशी बसायची, सगळं जवळून पाहिलेलं. खाली लिहिलेलं होतं, ‘लेखक अज्ञात’. कुणीतरी विचारलं, ‘कोनं लिवलं हे?’ उत्तर आलं नाही. लेखक अज्ञात नव्हता. तो शेजारच्या जिल्ह्यातला निघाला आणि हा त्याच्या ब्लॉगवरचा तलावांबद्दलचा सातवा लेख होता. आधीचे सहा आमच्यापैकी कुणी वाचलेच नव्हते, कारण नावाबरोबर तिकडे जायचा रस्ताही कापला गेला होता. वैयक्तिक लिखाण एकट्या तुकड्यात पुरतं कळत नाही. त्याच माणसाचं दहावं पान वाचताना पहिल्याचा अर्थ लागतो. नाव कापणाऱ्याने लेखकाचा मान घेतला, हे तर आहेच. वाचकाचाही पुढचा सगळा मजकूर त्याने हिरावला.

नावानिशी गोळा करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आज मराठी भाषा विद्यापीठामुळे चर्चेत आहे. पण तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तिथे जे केलं, ते मला आजच्या संदर्भात फार मोलाचं वाटतं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्यांच्या आठवणी त्यांनी विचारून विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि लीळाचरित्र हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ उभा राहिला. सामान्य माणसांनी सांगितलेल्या लहान लहान प्रसंगांचा तो ग्रंथ आहे. कुणी जेवायला काय वाढलं, कुणी काय प्रश्न विचारला, कोण कुठे रुसलं. पुढच्या पोथ्यांमध्ये पाठभेद आले तेव्हा ते कुणाच्या सांगण्यावरून आले, हेही नोंदलेलं आढळतं. म्हणजे मराठी गद्याच्या मुळाशीच एक शोधणारा माणूस बसलेला आहे.

पुढची गोष्टही विसरू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि काही शतकं ते पंथाबाहेर कुणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यातल्या सकळ लिपीची उकल केली. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेण्यात आयुष्य घातलं. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र संपादून छापलं. ही सगळी माणसं कुणाचं तरी लिखाण शोधून आपल्यापर्यंत आणणारी. त्यांनी हे केलं नसतं तर मराठीचा इतिहास आपण आज वेगळा शिकलो असतो. तेव्हा लिपी आड आली होती. आज लिपी सगळ्यांना वाचता येते, पत्ता उघडा आहे, पैसे पडत नाहीत. आड येतो तो फक्त आपला आळस.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. चांगलं काय, हे ठरवणार कोण? शिफारस करणारे चार जण एका जातीचे, एका कंपूचे निघाले तर? खेड्यात हे होतंच. गावातल्या संस्था कुणाच्या ताब्यात असतात, ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच हे काम एका समितीकडे द्यायला माझा विरोध आहे. शोधणारे अनेक हवेत, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने शिफारस करावी आणि का आवडलं ते दोन ओळींत लिहावं. ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’ याला मी शिफारस म्हणत नाही. ‘या माणसाने कापसाचा ग्रेड ठरताना व्यापारी कापूस हातात कसा धरतो ते लिहिलंय, मी वीस वर्षं कापूस विकतो पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं,’ असं एखाद्या शेतकऱ्याने लिहिलं, तर ती शिफारस. माझी स्वतःची कसोटी एवढीच आहे की लिहिणाऱ्याने असं काही पाहिलं आहे का, जे त्या जागी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. प्रेरणादायी विचारांच्या शंभर ओळींपेक्षा अशी एक ओळ मला मोठी वाटते.

शिफारशीआधी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर मी अडून बसेन. विचारायचं. शहरात माणसाने घरातलं लिहिलं तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. खेड्यात एका वाक्यावरून घर ओळखू येतं. सोसायटीच्या कर्जाबद्दल, सासूबद्दल, पाणवठ्यावरच्या जुन्या अपमानाबद्दल लिहिणारी बाई टोपणनावाने लिहिते, कारण तिला त्याच गावात उद्या राहायचं आहे. ‘ही तर आमच्या अमक्याची सून’ असं म्हणत कौतुकाने तिचं लिखाण गावच्या गटात टाकणारा माणूस तिचं लिहिणं कायमचं बंद करू शकतो. त्यामुळे लेखकाने स्वतःसाठी जे नाव निवडलं असेल तेच नाव द्यायचं, गाव सांगायचं नाही, आणि शंका असेल तर आधी निरोप पाठवून परवानगी घ्यायची. ती नाही म्हणाली तर गप्प बसायचं. मोजक्या वाचकांसाठी लिहिण्याचा हक्कही तिचाच आहे.

आता वाचनालयांकडे येतो, कारण माझी खरी आशा तिथे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा दर्जांची ग्रंथालयं गावोगाव उभी आहेत. आमच्या भागातली बहुतेक लहान. एक खोली, चार कपाटं, दोन-तीन वर्तमानपत्रं आणि सकाळपासून जागा धरून बसलेली स्पर्धा परीक्षेची पोरं. अनेक जण तक्रार करतात की वाचनालयाची अभ्यासिका झाली. मला त्यात संधी दिसते. तालुक्यातली सर्वांत जास्त वाचणारी तरुण माणसं रोज एका छताखाली बसलेली आहेत, प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आहे. त्यांच्यापैकी दोघांनी दर पंधरवड्याला आपल्या जिल्ह्यातलं एक लिखाण शोधून दर्शनी फळ्यावर त्याचं नाव, पत्ता आणि दोन ओळी लिहिल्या, तर खर्च खडूचा.

फळ्यानंतरची पायरी कागदाची. ग्रंथालयाचा दर्जा ठरताना ग्रंथ, वर्तमानपत्रं आणि सभासद मोजले जातात. ब्लॉग कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून तो ग्रंथपालाच्या जबाबदारीत येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. लेखकाच्या परवानगीने वर्षभरातली निवडक पानं छापायची, शिवून घ्यायची आणि त्या बांधणीला रीतसर दाखलनोंद क्रमांक देऊन कपाटात ठेवायची. कागद का, असं तरुण विचारतील. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिथे लिहिलेल्या माणसांपैकी ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांचं बरंच गेलं. फुकट मिळालेली जागा कधी काढून घेतली जाईल, हे लेखकाच्या हातात नसतं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाचा पत्ता टाकला तर त्याची प्रत तिथे जतन करता येते. हे काम ग्रंथपालाने फळ्यावर नाव लिहिण्याच्या दिवशीच करून टाकावं, दोन मिनिटं लागतात. पण ज्या गावात दुपारी वीज जाते, तिथे कपाटातली बांधणीही हवी.

एकत्र बसून वाचण्याची रीतही आपल्याच भागात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यास गट होते. कायदा, जंगल, मध, काय असेल ते लोक एकत्र बसून समजून घ्यायचे आणि मग ग्रामसभेत निर्णय व्हायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही त्यात बसायचे, कारण ऐकता सगळ्यांना येतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं लिखाण असंच मोठ्याने वाचलं गेलं तर त्यातल्या चुकाही लगेच निघतील. ‘नाही रे बाप्पा, त्या तलावाचं पाणी आधी खालच्या बांधीत जायचं,’ असं म्हणणारा म्हातारा कुठल्याही संपादकापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

साहित्य संस्थांबद्दल थोडक्यात. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीत स्थापन झाला, त्याने शंभरी ओलांडली आहे. अखिल भारतीय संमेलनं २०१९ मध्ये यवतमाळला आणि २०२३ मध्ये वर्ध्याला झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण संमेलन तीन दिवसांचं असतं आणि तिथे बोलावलं जातं ते आधीच माहीत असलेल्याला. संघाच्या तालुक्यातल्या शाखांनी वर्षातून एक बैठक फक्त ‘या वर्षी आपल्या भागात कुणी काय लिहिलं’ यासाठी घ्यावी. सत्कार नको, हार नको. वाचून आलेल्यांनी बोलावं.

आणि वाचक म्हणून आपल्या प्रत्येकाला आजच करता येईल असं एक काम आहे. आवडलं तर लिहिणाऱ्याला कळवणं. आपलं पान कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं, हे खेड्यातल्या लेखकाला कळायला दुसरा मार्ग नाही. त्या वाहकाला मी एकदा लांब निरोप पाठवला होता. पाथ्रटच्या गाडीतल्या म्हातारीबद्दल त्याने लिहिलेलं मला का भिडलं, ते सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं की त्या ब्लॉगवर पुढे लिहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण आता आणखी एक लेख टाकतो. नंतर त्याने बरेच टाकले.

१५ ऑक्टोबर हा आपल्या शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आमच्याकडे सोयाबीनची कामं चालू असतात आणि बरीच पोरं वावरात असतात. दिवस मागेपुढे झाला तरी चालेल. शाळेत पोरं भरली की शिक्षकांनी थोरांच्या पुस्तकांबरोबर आपल्या तालुक्यात हयात असलेल्या एका माणसाचं एक पानही वर्गात वाचून घ्यावं, त्याची हरकत नाही ना ते आधी विचारून. पोरांना काय कळलं, काय पटलं नाही, ते फळ्यावर लिहावं. मग तिथूनच त्या माणसाला फोन लावावा आणि पोरांना त्याच्याशी बोलू द्यावं.